पंढरपूर : पाहणाऱ्यांचें आणि जाणाऱ्यांचें

प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : लेखकानें स्थळ हुबेहूब उतरविलें आहे कीं नाहीं ? जणूं स्थळ ही एक ठरलेली वस्तु असून लेखक म्हणजे तिचें छायाचित्र काढणारा कारागीर होय. परंतु एकाच गांवीं निरनिराळ्या देशांचे, धर्मांचे आणि भाषांचे प्रवासी जाऊन आले, आणि त्यांतील कांहींनीं लिहून ठेवलें, म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. त्यांच्या लिखाणांतून एक गांव निघत नाहीं. अनेक निघतात, आणि कित्येकदां तीं एकमेकांना ओळखहि दाखवीत नाहींत. पंढरपूर हें याचें आपल्या घरचें उदाहरण आहे, आणि त्यासंबंधीं येथें लिहावयाचें आहे.

पंढरपुरावरील हीं पुस्तकें आम्हीं वाचलीं तीं सोलापुरांतील शुक्रवार पेठेंत. येथून पंढरपूर सुमारें ७० किलोमीटर. विदर्भांतून महिनाभर चालत येणारी शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी दर आषाढी यात्रेच्या आधीं आमच्या शहरांत मुक्काम करून पुढें जाते. इतक्या जवळच्या गांवाविषयीं परक्यांचें म्हणणें वाचण्याची गरज काय, असें कोणी विचारील. गरज एवढीच कीं, जवळचें गांव आपण पाहत नाहीं. तेथें नुसते जाऊन येतों.

काळाच्या क्रमानें पहिला मान इंग्रज अधिकाऱ्याचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पंढरपुराला भरपूर जागा मिळाली आहे. देवळाची बांधणी, सेवेकऱ्यांचे वर्ग व त्यांचे हक्क, यात्रांचे दिवस, यात्रेची गर्दी हें सारें जमाबंदीच्या वहीसारखें व्यवस्थित मांडलेलें आहे. या अधिकाऱ्याला गर्दी दिसली कीं दोन गोष्टी आठवतात, रोगराई आणि बंदोबस्त. हा दृष्टिकोन कोरडा म्हणून हिणवणें सोपें आहे, आणि आमच्या टीकाकारांनीं तें पुष्कळदां केलेंहि आहे. परंतु पटकी खरी होती. आणि चंद्रभागेच्या वाळवंटांत तिनें गांठलेल्या वारकऱ्याला दृष्टिकोनाच्या वादाचा कांहीं उपयोग नव्हता. अधिकाऱ्याची चूक झाली असेल तर ती निराळ्या ठिकाणीं. प्रवासाचें साधन सुधारलें म्हणजे प्रवास सुधारतो, असें त्याचें गणित. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोंचली. पण गाडी आली म्हणून वारी पायीं जावयाची थांबली नाहीं. जेथें चालणें हाच हेतु, तेथें साधनाच्या सुधारणेनें काय साधावें ?

अधिकाऱ्यामागून पाद्री. आपण सर्व पाद्र्यांना एका पंक्तीस बसवतों, आणि तेथेंच फसतों. स्कॉटलंडचे निकल मॅक्निकल यांनीं १९१९ सालीं मराठी संतांच्या १०८ पदांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. (हा १०८ चा आंकडा जपमाळेवरून घेतला असेल तर पाद्रीसाहेबांची रसिकता मान्य केली पाहिजे.) फ्रान्सचे जेझुइट फादर डेल्युरी यांचें तुकोबांच्या अभंगांचें फ्रेंच भाषांतर १९५६ सालीं निघालें, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६० सालीं छापला. गंमत अशी कीं, दोघांनाहि आपल्या भाषांतराला नांव देतांना एकच शब्द सुचला. बायबलांतील दाविदाचीं स्तोत्रें युरोपीय भाषांत ज्या नांवानें ओळखलीं जातात तेंच नांव. एकाच्या पुस्तकावर ‘मराठी संतांचीं स्तोत्रें’, दुसऱ्याच्या पुस्तकावर ‘यात्रेकरूचीं स्तोत्रें’.

अभंगाला दाविदाचें स्तोत्र म्हणणें योग्य कीं अयोग्य ? प्रथमदर्शनीं आमच्या कपाळाला आठी पडली. स्तोत्रांतला देव प्राधान्येंकरून राजा आहे, न्यायाधीश आहे. भक्त त्याच्या दारीं फिर्याद घेऊन उभा असतो. अभंगांतला विठोबा माउली आहे. तिच्याशीं भांडतां येतें, तिच्यावर रुसतां येतें, तिला चार खोचक शब्द ऐकवून पुन्हां तिच्याच पदराआड शिरतां येतें. हें घरगुती नातें त्या भारदस्त शब्दांत हरवतें. तथापि दुसरी बाजूहि आहे. त्या स्तोत्रसंग्रहांत १५ गीतें अशीं आहेत कीं, तीं यरुशलेमची चढण चढतांना यात्रेकरू म्हणत असत असें मानतात. फ्रेंच वाचकाच्या कानांत ‘यात्रेकरूचीं स्तोत्रें’ म्हणतांच तीं गीतें घुमत असलीं पाहिजेत, आणि अभंग हें कपाटांतलें काव्य नसून पायांनीं म्हणावयाचें काव्य आहे, ही गोष्ट टीप न जोडतां त्याला कळत असली पाहिजे. भाषांतरकारानें एक नातें गमावलें आणि एक कमावलें.

या दोघांतला फरक शब्दाच्या साम्याखालीं झांकून जातो. मॅक्निकल प्रॉटेस्टंट, त्यांच्या पंथांत यात्रेनें पुण्य लाभतें ही कल्पनाच संशयास्पद. त्यांनीं गाणीं उचललीं आणि गांव होतें तेथें ठेवलें. डेल्युरी कॅथलिक, त्यांच्या देशांत शार्त्रच्या देवळास पायीं जाण्याची परंपरा आहे, आणि कवि शार्ल पेगी १९१२ सालीं पॅरिसहून तेथवर चालत गेला ही तेथील सुशिक्षितांच्या आठवणींतली गोष्ट आहे. म्हणून पालखी कशी निघते, दिंड्यांचा क्रम कसा लागतो, मुक्काम कोठें पडतो, हें डेल्युरी ज्या आपुलकीनें पाहतात ती आपुलकी स्कॉच गृहस्थास साधती ना. धर्म परका असूनहि चालण्याची संवय ओळखीची असली म्हणजे अर्धें अंतर तुटतें.

आणि तरीहि, या प्रेमळ परक्याजवळच आम्हांस थांबावेंसें वाटतें. कारण खरा प्रश्न येथें उभा राहतो. दिंड्यांत जातीजातींचे लोक एकत्र चालतात, एकत्र गातात, पण जेवतांना निराळे बसतात, हें डेल्युरींनीं पाहिलें. त्यांचा अभिप्राय असा पडला कीं, जातिभेदाचें वास्तव आणि एका समाजाचें ध्येय यांच्यामधली ही चांगली तडजोड आहे. हेंच दृश्य इरावती कर्वे यांनीं त्यांच्याहि आधीं पाहिलें होतें. ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहांतील ‘वाटचाल’ हा त्यांचा लेख आमच्या कित्येक वाचकांनीं शाळा-कॉलेजच्या वयांतच वाचला असेल. इरावतीबाई बर्लिनला मानववंशशास्त्र शिकून आलेल्या, आणि पुढें ज्या डेक्कन कॉलेजानें फादरांचा ग्रंथ छापला तेथेंच अध्यापन करणाऱ्या. त्यांच्या दिंडींत ब्राह्मण होते आणि मराठेहि होते. वाट एक, भजन एक, चूल मात्र वेगळी. बाईंना ती तडजोड वाटली नाहीं. त्यांना तें लागलें. त्या मराठा बायांत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बाया त्यांच्याजवळून चालूं लागल्या, हात धरूं लागल्या, घरचीं सुखदुःखें सांगूं लागल्या, आणि शेवटीं शेवटीं त्यांना ताई म्हणूं लागल्या.

एकाच पंगतीचीं हीं दोन वाचनें. नेहमींचा सिद्धान्त असा कीं, परका कठोर असतो आणि घरचा माणूस पांघरूण घालतो. येथें बरोबर उलट घडलें आहे. परका समजूतदार, आणि घरची बाई अस्वस्थ. आमच्या मतें याचें कारण असें कीं, फादरांच्या समजूतदारपणाला त्यांना स्वतःला किंमत द्यावी लागली नाहीं. पंगत कशीहि बसली तरी त्यांचें पान कोणत्याच ओळींत ठरलेलें नव्हतें. ते पाहुणे होते, आणि पाहुण्याला यजमानाच्या घरांतल्या भिंती दिसल्या तरी त्या पाडण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाहीं. इरावतीबाईंचें पान मात्र ठरलेलें होतें. त्या उठल्या नसत्या तर त्या भेदाच्या वांटेकरी झाल्या असत्या. ‘तडजोड’ हा शब्द तोच वापरूं शकतो ज्याला त्या तडजोडींत कांहीं सोडावें लागत नाहीं.

काळहि लक्षांत घेतला पाहिजे. पंढरपूरचें देऊळ अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत तेथें उपोषण केलें होतें. इरावतीबाईंचा लेख त्याच दशकांतला. ज्या चोखोबांचे अभंग दिंडी गाते त्यांची समाधि महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि त्यांच्या जातीचा वारकरी शतकानुशतकें तेथूनच परत फिरत होता. हा वारकरीहि एक प्रवासीच. पंढरपूर त्याला कसें दिसलें, हें सांगणारें प्रवासवर्णन आपल्या वाङ्मयांत कोठें आहे ? गॅझेटियरच्या यात्रेंत तो मोजला गेला असेल, फादरांच्या दिंड्यांच्या वर्णनांत त्याची दिंडीहि आली असेल. पण लेखणी त्याच्या हातीं नव्हती. त्याचें एकच प्रवासवर्णन आपल्याजवळ आहे, तें म्हणजे चोखोबांचे अभंग, आणि ते आपण प्रवासवर्णन म्हणून कधीं वाचले नाहींत.

‘वाटचाल’चें पुढें जें झालें तेंहि बोलकें आहे. १९६२ सालीं तिचें इंग्रजी रूपांतर अमेरिकेंतील एका आशियाविषयक विद्वत्-त्रैमासिकांत आलें. व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञानें तें आणि डेल्युरींचा ग्रंथ हीं दोन्ही समोर ठेवून जगांतल्या साऱ्या यात्रांविषयीं आपली उपपत्ति मांडली. यात्रेकरू घराची चौकट सोडतो, तेव्हां तो तात्पुरता एका समभावाच्या जगांत शिरतो, असा त्या उपपत्तीचा इत्यर्थ. उपपत्ति मोठी आहे, आणि पंढरपुरीं ती पुरती लागू पडत नाहीं हें स्वतः टर्नरच्याहि ध्यानांत आलें होतें. पण आम्हांस खटकतें तें दुसरेंच. मराठींत जो लेख आपल्याच माणसांपुढें काढलेला घरचा प्रश्न होता, तो इंग्रजींत गेल्यावर पुरावा झाला. बाईंचें वाईट वाटणें हाहि एक नोंदविण्याजोगा सामाजिक विशेष ठरला. लेखक तोच, मजकूर तोच. वाचक बदलला आणि लेखाचें कुळ बदललें. प्रवाशाची संस्कृति जितकी स्थळाला घडविते तितकीच वाचकाची संस्कृति प्रवासवर्णनाला घडविते, हें आमच्या परीक्षकांनीं विसरूं नये.

तिसरें पुस्तक दि. बा. मोकाशी यांचें ‘पालखी’, १९६४ सालचें. त्याचेंहि इंग्रजी भाषांतर फिलिप एंगब्लॉम यांनीं १९८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलें. मोकाशी कादंबरीकार, त्यांना सिद्धान्त नको, माणसें हवींत. ते चालतात तेव्हां त्यांचे पाय दुखतात, आणि हें पाय दुखणें पुस्तकांतून वाचकाच्या पायांत उतरतें. या तिन्हींत आम्ही ‘पालखी’ला अग्रस्थान देऊं, आणि तें त्याच्या भाषेच्या साधेपणासाठीं नव्हे. सुशिक्षित शहरी माणूस वारींत गेला कीं त्याला दोन मोह होतात. एक, शेवटीं आपणहि विठ्ठलमय झालों असें दाखविण्याचा. दुसरा, हे सारे भाबडे आहेत असें सुचविण्याचा. मोकाशी दोन्ही टाळतात. ज्यांच्यापाशीं श्रद्धा आहे त्यांच्याजवळून ते ती उसनी घेत नाहींत आणि त्यांची कींवहि करीत नाहींत. आपण यांच्यांतलेच आणि तरी यांच्यांतले नव्हे, ही अडचण ते शेवटपर्यंत तशीच राहूं देतात. स्वतःच्या मुलखांत परका झालेल्या माणसाचें असें प्रांजळ लिखाण मराठींत फार नाहीं.

या तिघांच्या नांवांकडे पाहावें. ‘वाटचाल’, ‘पालखी’; फ्रेंच भाषांतरावर ‘यात्रेकरू’. गांवाचें नांव एकावरहि नाहीं. काशीवर लिहिणारा काशी म्हणतो. पंढरपुरावर लिहिणारा वाटेचें नांव घेतो. ज्याला पर्यटनाच्या भाषेंत गंतव्य म्हणतात तें येथें मुक्कामाला नसून वाटेवर आहे.

पण थांबा, हेंहि मराठी माणसाचेंच मत झालें. इरावतीबाईंना त्या वाटेवर महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली : पंढरीच्या वारीला जाणाऱ्या लोकांचा तो देश. पुण्याहून ही व्याख्या मोठी सुंदर दिसते. सोलापुराहून ती पाहिली कीं डोळे चोळावे लागतात. आषाढी-कार्तिकीला विजापूर, कलबुर्गी, बेळगांव, धारवाडकडचे कानडी यात्रेकरू पंढरपुरास येतातच कीं ! मग तो मुलूख महाराष्ट्र म्हणावयाचा, कीं व्याख्या मागें घ्यावयाची ? कानडी हरिदासांनीं तर आपल्या पदांची मुद्राच विठ्ठलाच्या नांवाची केली. पुरंदरविठ्ठल, विजयविठ्ठल, जगन्नाथविठ्ठल. कृष्णदेवरायानें विठ्ठलाची मूर्ति विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनीं ती परत आणली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों, आणि ती ऐकतांना चोर कोण आणि मालक कोण हें ठरलेलेंच असतें. हंपीच्या रिकाम्या विठ्ठलमंदिरांत उभा राहणारा कानडी प्रवासी तीच कथा निराळ्या कानांनीं ऐकत असेल. पंढरपूरच्या देवळांतच १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा शिलालेख आहे. म्हणजे कानडी पाहुणा आपल्या आधींपासून तेथें हजर आहे.

आणि तेलुगु ? आमच्या शहरांतील पद्मशाली विणकरांच्या मूळ भाषेंतलें ‘पांडुरंगमाहात्म्य’ हें तेनालि रामकृष्ण कवीचें १६ व्या शतकांतील काव्य तेलुगूच्या पंचमहाकाव्यांत गणलें जातें. तें प्रवासवर्णन नव्हे, पण पंढरपुराकडे पाहण्याची एक रीत त्यांत आहे, आणि ती वारकऱ्याची नाहीं. त्यांतील निगमशर्म्याची कथा प्रसिद्ध आहे. हा ब्राह्मण कुलाचार सोडून स्वैर वागतो, आणि तरी पुण्यक्षेत्रीं मरण आलें एवढ्यावर उद्धरून जातो. येथें तारतें तें क्षेत्र. चालणें नव्हे, नामहि नव्हे. वारकऱ्याला हें पटणार नाहीं. पण दोघेहि एकाच विठ्ठलाचे. १९८४ सालच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथांत रा. चिं. ढेरे यांनीं विठ्ठलाचें नातें दक्षिणेंतल्या गोपाळ-धनगरांच्या देवांशीं आणि तिरुपतीच्या व्यंकटेशाशीं जोडून दाखविलें, तेव्हां कित्येक मराठी वाचकांना धक्का बसला. सोलापुरांत तो कमी बसला असावा. येथें एका आळींतून दुसऱ्या आळींत गेलें तरी तें नातें दिसतें.

आजच्या पर्यटकाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो स्वतःच थोडक्यांत येऊन जातो. त्याला वारी ही दृश्य म्हणून आवडते : पताका, रिंगणांतला धांवता घोडा, पावसांत भिजलेलीं तुळशीवृंदावनें. छायाचित्रें सुंदर असतात. आम्हीहि तीं पाहतों. पण एक गोष्ट कोणत्याहि छायाचित्रांत येत नाहीं. आळंदीहून सुमारें २५० किलोमीटर चालून आलेला वारकरी आषाढीच्या गर्दींत पुष्कळदां गाभाऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं. नामदेवपायरीला डोकें टेकतो, कळसाला हात जोडतो आणि गांवाकडे परततो. ज्यासाठीं आला तें न पाहतां परतणारा हा प्रवासी, आणि त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचें चिन्ह नाहीं. ताजमहालाच्या दारावरून परत पाठविलेल्या पर्यटकाचा चेहरा आठवा ! एकाला पाहावयाचें असतें. दुसऱ्याला आपण आलों हें देवानें पाहिलें म्हणजे पुरतें.

हा नुसता वाङ्मयीन भेद नव्हे. २०२१ सालीं दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. २०२२ सालीं देवळाभोंवतीं प्रशस्त मार्ग काढण्याची सरकारी योजना पुढें आली, आणि ज्यांचीं घरें-दुकानें त्यांत जाण्याची भीति होती त्यांनीं विरोध केला. रुंद रस्त्यानें चालणाऱ्याचे अपघात टळत असतील तर त्यास कोण नको म्हणेल ? चेंगराचेंगरी व्हावी असेंहि कोणी म्हणणार नाहीं. गॅझेटियरच्या अधिकाऱ्याला न्याय दिला तो त्याच्या वारसांनाहि दिला पाहिजे. परंतु मोकळें पटांगण, लांबून दिसणारें देऊळ, उभें राहून न्याहाळण्यास सोईची जागा, ही कल्पना कोणत्या प्रवाशाची आहे ? ती पाहणाऱ्याची आहे. जाणाऱ्याला बोळ अडचणीचा असतो हें खरें, पण त्याच बोळांत त्याचा पिढीजाद उतरण्याचा वाडा असतो, माळेचें दुकान असतें, आजोबांच्या वेळेपासूनची ओळख असते. नकाशा काढणाऱ्यांनीं गॅझेटियर वाचलें असावें असें दिसतें. ‘पालखी’ वाचली आहे कीं नाहीं, हें दिसत नाहीं.

आमची एक उणीव मात्र या वाचनांत वाढतच गेली. फ्रेंच पाद्र्याचें पंढरपूर आपल्याजवळ आहे, स्कॉच मिशनऱ्याचें आहे, बर्लिनला शिकलेल्या बाईंचें आणि पुण्याच्या कादंबरीकाराचें आहे. १९८९ सालीं जर्मन पंडित सोंथायमर यांच्या सहकार्यानें वारीवर चित्रपटहि निघाला. पण सोलापूरच्या यंत्रमागावर आयुष्य घालवून कार्तिकीला पंढरीस जाणाऱ्या तेलुगु बाईचें, किंवा इंडी-चडचणकडून चालत येऊन मराठी अभंग कानडी उच्चारांनीं म्हणणाऱ्या शेतकऱ्याचें पंढरपूर आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. त्यांनीं स्वतः लिहिलें तर उत्तमच. न लिहिलें तर त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच भाषेंत ऐकून कोणी तें उतरवून घ्यावें. पालखीच्या मुक्कामाचे दिवस त्या कामाला चांगले. असें पुस्तक निघाल्यास त्याचें परीक्षण करण्यास आम्ही उत्सुक आहों, मग तें कानडींत असो वा तेलुगूंत; वाचून दाखविणारें माणूस आमच्या पेठेंत मिळेल.